आवृत्ती-टॅग

आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कोडच्या एका ठरावीक स्थितीला दिलेले कायमचे नाव. सॉफ्टवेअर ज्या रूपात गिऱ्हाइकाच्या हाती गेले, ते रूप पुढे केव्हाही जसेच्या तसे सापडावे म्हणून तो लावतात.

मराठवाड्याच्या खेड्यांत ‘टॅग’ हा शब्द संगणकाच्या आधी पोचला, तो सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरून. पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. त्यावर लॉट क्रमांक. पेरणी झाली तरी पिशवी, टॅग आणि पावती जपा, असे कृषी विभाग सांगतो. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या. अशा वेळी बियाणे कोणत्या लॉटचे, हे टॅगच सांगतो. सॉफ्टवेअरच्या टॅगचेही काम हेच.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या गिट या अशाच प्रणालीत प्रत्येक कमिटची (नोंदवलेल्या स्थितीची) ओळख म्हणजे ४० अक्षर-अंकांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला संकेतांक. तो कोण पाठ करणार? म्हणून त्याला ‘२.३.१’ असे नाव देतात. शाखा, म्हणजे कामाची एक स्वतंत्र ओळ, नव्या कमिटबरोबर पुढे सरकते, टॅग जागचा हलत नाही. हलका टॅग म्हणजे नुसते नाव. सटीप टॅगमध्ये लावणाऱ्याचे नाव, तारीख, टिपण आणि हवी तर डिजिटल सहीही असते. रिलीजसाठी, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायच्या आवृत्तीसाठी, सटीपच लावावा. सबव्हर्जन या दुसऱ्या प्रणालीत मात्र टॅग ही वेगळ्या फोल्डरमधली प्रतच असते, आणि तिच्यात बदल करायचा नाही हा केवळ संकेत.

समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीवर हिशोबाच्या सॉफ्टवेअरची २.३.१ आवृत्ती चालू आहे आणि हिशोबपट्टीत हमाली दोनदा कापली जातेय. मुख्य शाखेत तोवर अर्धवट कामे येऊन पडलेली असतात. टॅगवरून शाखा काढायची, तेवढीच चूक सुधारायची आणि २.३.२ द्यायची. प्रचलित संकेतात तिसरा आकडा दुरुस्तीचा, दुसरा नव्या सोयीचा. जुन्याशी न जुळणारा बदल झाला की पहिला वाढतो.

चुकीच्या कमिटवर लागलेला टॅग गुपचूप हलवणे म्हणजे पेरून झालेल्या पिशवीला दुसरा टॅग शिवणे. ज्यांनी आधीच तो उतरवून घेतला, त्यांच्याकडे जुनाच राहतो आणि एकाच नावाचे दोन कोड फिरू लागतात. गिटची पुस्तिकाही चूक कबूल करून नवे नाव द्या, असेच सांगते. नवख्यांची चूक याहून साधी: नुसत्या पुशने, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवण्याच्या आज्ञेने, टॅग तिथे जात नाही, तो वेगळा पाठवावा लागतो. नाहीतर रिलीज जाहीर होते आणि टॅग लॅपटॉपवरच राहतो.