पार्श्वभूमी : ओटागोचं सोनं आणि क्लुथा नदीत बुडालेली माणसं

बुडून मरण्याला एकोणिसाव्या शतकातल्या न्यूझीलंडमध्ये ‘न्यूझीलंडचं मरण’ असंच नाव पडलं होतं. १८४० ते १८७० या तीस वर्षांत अशा मृत्यूंच्या नोंदी हजाराच्या वर गेल्या. दक्षिण बेटावरच्या ओटागो प्रांतातल्या सोन्याबद्दल लिहिताना हे नाव हमखास येतं, आणि मला ते खटकतं. मरणाला देशाचं नाव दिलं की ते पावसापाण्यासारखं वाटायला लागतं. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, हा विचार मागेच पडतो.

१८६१ मध्ये ओटागोतल्या तुआपेका नदीच्या परिसरात सोनं सापडलं, ती गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. (त्याच तुआपेका नदीत मुंबई इलाख्यातून आलेल्या एका माणसाला काही वर्षं आधीच सोनं मिळालं होतं आणि श्रेय दुसऱ्याला गेलं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) बुडण्याच्या बाबतीत महत्त्वाचा महिना ऑगस्ट १८६२. दोघं जण ८७ पौंड सोनं घेऊन ओटागोच्या मुख्य शहरात, डनीडिनला आले. हे सोनं त्यांनी भर हिवाळ्यात क्लुथाच्या घळीत, काठच्या वाळूतून धुऊन काढलं होतं.

यातला हिवाळा ध्यानात घ्यायला हवा. वानाका, हावेआ आणि वाकाटिपू या तीन तलावांचं पाणी घेऊन येणारी क्लुथा वाहत्या पाण्याच्या मानानं देशातली सर्वांत मोठी नदी. थंडीत डोंगरावरचं पाणी गोठतं, नदी उतरते आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. बातमी फुटून लोक पोहोचले तोवर वसंत लागला होता. दक्षिण गोलार्धात तो सप्टेंबरात लागतो. बर्फ वितळलं, नदी चढली आणि पट्टे पाण्याखाली गेले. माणसांची रीघ मात्र थांबली नाही. १८६० च्या अखेरीस ओटागोत तेरा हजारांहून कमी वस्ती होती, वर्षभरात ती तीस हजारांवर गेली. त्यानंतर लोक येतच राहिले.

नदी पायी ओलांडता येईल असा उतार कुठे आहे, हे यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. पाठीवर पथारी, फावडं, परात, पिठाची पिशवी. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. पाणी मांडीला लागलं की बूट भरतात, गोट्यांवरून पाय सटकतो आणि पट्ट्यानं बांधलेलं ओझं पाठीवरून सुटत नाही. पाणी बर्फाचं, त्यामुळे हातपायही लवकर बधिर होतात. या मुलखात झाडं जवळजवळ नव्हतीच, म्हणजे होडीला लाकूडही नाही. ही नदी माओरींच्या ओळखीची होती. वाळलेल्या देठांचे भारे बांधून केलेल्या ‘मोकिही’ तराफ्यांवरून ते पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातून ये-जा करत आले होते. नव्यानं आलेल्यांपैकी किती जणांनी त्यांना विचारलं असेल? शॉटओव्हर नदीवरची (तिचं पाणी कावाराऊ नदीतून क्लुथालाच मिळतं) एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दोन माओरी खाणकऱ्यांचा कुत्रा धारेला लागला. ते त्याच्या मागून पलीकडे गेले, तिथे खडकाच्या भेगांत सोनं दिसलं आणि अंधार पडेपर्यंत त्यांनी ३०० औंस सोनं गोळा केलं. गोष्ट खरी आहे. पण तसाच पलीकडे जायला निघालेला आणि न पोहोचलेला माणूस कुणाच्या गोष्टीत येत नाही.

जुलै १८६३ मध्ये बर्फ पडलं आणि त्यावर जोराचा पाऊस झाला. शॉटओव्हर आणि तिच्या शेजारच्या ॲरो नदीच्या अरुंद दऱ्यांत, पाण्यालगतच्या सपाटीवर लावलेले तंबू माणसांसकट गेले. सप्टेंबर १८७८ मध्ये पुन्हा बर्फ आणि पाऊस एकत्र आले. तोवर क्लुथावर जे पूल झाले होते, त्यातले बरेच त्या पुरात वाहून गेले.

आता नोंदींकडे. आपल्याकडे पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ लिहितात. तिथल्या चौकशीत पंच अनेकदा ‘बुडालेला आढळला’ एवढाच निर्णय देत. माणूस पाण्यात कसा गेला याचा पुरावा नाही, एवढाच याचा अर्थ. पाय घसरला, कुणी ढकललं, की उडी मारली, ते काहीच त्यात येत नाही. प्रेत कित्येक मैल खाली, कित्येक दिवसांनी लागायचं. पंच तरी दुसरं काय लिहिणार? घोटाळा नंतर झाला. पुढे लिहिणाऱ्यांनी या सगळ्याला सरसकट ‘अपघात’ म्हटलं. जिथे इतकी माणसं नदी ओलांडत होती तिथे पूल का नव्हता, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली गेला. सोन्यावर निर्यातकर घेतला जात होता, म्हणजे सरकारकडे पैसा येत होता. तारेला बांधून प्रवाहाच्या जोरावर चालणारे तराफे होते, पण त्यांना पैसे पडत, आणि खिसा रिकामा असलेला माणूस पायीच पाण्यात उतरायचा. याला मी अपघात म्हणायला तयार नाही.

सगळ्यात जास्त गुंता क्लुथाकाठच्या मिलर्स फ्लॅट गावाजवळच्या हॉर्सशू बेंड या वळणावरच्या एका कबरीचा आहे. १८६५ मध्ये तिथे एका अनोळखी माणसाचं प्रेत लागलं. ते पुरलं गेलं आणि वर लाकडी फळी उभी राहिली : ‘इथे कुणाचा तरी लाडका पुरला आहे.’ गोष्ट अशी रूढ झाली, की एका खाणकऱ्याला प्रेत सापडलं, त्यानंच ते पुरलं आणि फळीही त्यानंच लावली. १९०१ मध्ये त्या माणसानं स्वतः वर्तमानपत्राला पत्र लिहून खुलासा केला : प्रेत मला सापडलं नाही, मी पुरलंही नाही; मी फक्त फळी लावली आणि कुंपण घातलं. तरीही १९१२ मध्ये तो वारला तेव्हा त्याला शेजारीच पुरण्यात आलं आणि कबरीवर लिहिलं गेलं, ‘ज्यानं कुणाच्या तरी लाडक्याला पुरलं तो माणूस.’ जिवंतपणी ज्यानं एवढ्या प्रामाणिकपणे नाकारलं, तेच त्याच्या नावावर कोरलं गेलं.

पुरलेला माणूस कोण, यावरही वाद आहे. जानेवारी १८६५ मध्ये नेव्हिस खोऱ्यातला एक खाटीक क्लाइड गावाजवळ गुरं क्लुथापार नेताना बुडाला. हा तोच, असं काही जण मानतात. तसं असेल तर तो सोन्यामागे आलेला नव्हता. खाणकऱ्यांच्या मटणाची सोय करणारा व्यापारी होता, आणि नदी त्यालाही पुलाशिवायच ओलांडावी लागत होती.

१८८० मध्ये कावाराऊच्या घळीवर आणि १८८२ मध्ये क्लुथावर अलेक्झांड्रा गावाला झुलते पूल झाले. तोवर उथळ पट्ट्यांतलं सोपं सोनं केव्हाच संपलं होतं. कावाराऊच्या त्याच पुलावरून १९८८ पासून लोक पैसे भरून, पायाला दोर बांधून नदीकडे उड्या मारतात. १९५६ मध्ये रॉक्सबर्गचं धरण झालं, १९९२ मध्ये क्लाइडचं. ८७ पौंड सोनं जिथून निघालं ती घळ आता डन्स्टन तलावाखाली आहे.

हॉर्सशू बेंडला पादचाऱ्यांसाठी झुलता पूल झाला तो १९१३ मध्ये. त्याआधी तिथले लोक तारेला टांगलेल्या खुर्चीत बसून नदी ओलांडत. फळी लावणाऱ्या त्या माणसाला पुरून तेव्हा एक वर्ष झालं होतं, आणि ते प्रेत काठाला लागून अठ्ठेचाळीस.