30, 85, 86, 87: रिलेच्या बुडाशी असलेले आकडे आले कुठून

गाडीत जोडीचा हॉर्न किंवा फॉगलाइट बसवायचा म्हणून ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, मागितला की दुकानदार विचारतो, चार पिनचा की पाच पिनचा? मग काळी चौकोनी डबी समोर येते. तिच्या बुडाशी 30, 85, 86, 87 असे आकडे असतात आणि अंगावर ठळक '40 अँपिअर'. बहुतेक जण तो 40 बघून समाधानाने पैसे देतात. माझे मत असे की त्या डबीआधी तिचे सॉकेट, म्हणजे ती जिच्यात खोचतात ती वायरींची खोबण, हातात घेऊन बघावे. का, ते या वस्तूच्या इतिहासातच आहे.

रिले हा शब्द मूळचा घोड्यांचा. लांबच्या प्रवासात थकलेला घोडा सोडून टप्प्यावर ताजा जोडायचा, त्या व्यवस्थेचे हे नाव. 1835 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीने विद्युतचुंबकाकडून हेच काम करून घेतले आणि पुढे मोर्सच्या तारायंत्राने ते उचलले. मैलोन्‌मैल तारेतून आलेल्या क्षीण प्रवाहात यंत्र हलवायची ताकद नसे. तो फक्त एक छोटी पट्टी ओढी, आणि पट्टी चिकटली की जवळच्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढे जाई. आपल्या डबीत आजही एवढेच घडते. 12 व्होल्टच्या कॉइलमधून, म्हणजे चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, सुमारे 150 मिलिअँपिअर वाहतात आणि त्यांच्या जोरावर पॉइंटमधून, म्हणजे पट्टी जिथे चिकटते त्या टोकांतून, वीस-तीस अँपिअर जातात.

मोटारीत रिले आला तो दिव्यांसाठी नव्हे, बॅटरी राखायला. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला, 1913 मध्ये श्टुटगार्टच्या बॉशने बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोसह दिव्यांची पूर्ण व्यवस्था बाजारात आणली. डायनॅमोची अडचण अशी की इंजिन मंद झाले की त्याचा दाब (व्होल्टेज) बॅटरीपेक्षा कमी होतो आणि प्रवाह उलटा फिरून बॅटरीच रिकामी करू लागतो. तो रस्ता वेळेवर तोडणारा रिले म्हणजे 'कटआऊट'. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेल्या डायनॅमोवाल्या फियाट ज्यांनी सांभाळल्या, त्या मिस्त्रींना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, त्यातल्या डायोडनी प्रवाह एकाच दिशेला बांधला आणि कटआऊटचे काम संपले.

तोवर दुसरे काम तयार झाले होते. 1950 च्या दशकात बहुतेक मोटारी 6 व्होल्टवरून 12 वर गेल्या. तेवढ्याच वॅटला निम्मा प्रवाह पुरू लागला आणि त्याच वायरमधली उष्णता चौथाईवर आली. ही सवलत फार दिवस टिकली नाही, कारण गाडीतली उपकरणे वाढतच गेली. 1971 मध्ये एच-फोर हॅलोजन बल्ब आला, अप्परला 60 वॅट आणि डिपरला 55. दोन दिव्यांचे अप्पर म्हणजे 10 अँपिअर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून फिरून दिव्यापर्यंत जाई. वाटेत दाब पडतो, आणि फिलामेंटचे गणित कठोर आहे: व्होल्टेज 10 टक्के घटले की उजेड सुमारे 30 टक्के घटतो. लोकांनी यावर 100/90 वॅटचे बल्ब लावले. हे बेकायदा, समोरच्याच्या डोळ्यांवर अत्याचार, आणि प्रवाह जवळजवळ 17 अँपिअरवर गेल्याने स्विचही वितळायचे. खरा उपाय मूळ बल्ब ठेवून रिले घालण्याचा होता. स्विच फक्त कॉइल सांभाळतो आणि दिव्याला बॅटरीपासून फ्यूजमार्गे आखूड, जाड वायर मिळते.

आकडे आले ते जर्मनीच्या डीआयएन 72552 या मानकातून. वाहनातल्या प्रत्येक जोडटोकाला त्यात क्रमांक दिला. 30 म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, 31 म्हणजे अर्थ, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा प्लस, 50 म्हणजे स्टार्टर. रिलेत 85 आणि 86 ही कॉइलची टोके, 87 वरून भाराकडे, म्हणजे दिवा किंवा हॉर्नकडे, वायर जाते, आणि 87ए वर रिले निवांत असताना प्रवाह असतो. जर्मन न येणारा वायरमन नांदेडमध्ये बसून जर्मन गाडीचा रिले जोडू शकतो, हे या आकड्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात. पुढे आयएसओ 7588 ने डबीचे आकार आणि पिनांची जागाही ठरवली.

या ठरवण्यात मिनी रिलेच्या पट्टीसारख्या पिनेची रुंदी 6.3 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, राहिली. सॉकेटचा मुद्दा इथे येतो. डबीच्या आत चांदीच्या मिश्रधातूचे पॉइंट 40 अँपिअर झेलतीलही. बाहेर मात्र तो प्रवाह पाव इंची पट्टी, तिला चिमटीत धरणारा पितळी टर्मिनल आणि त्यात दाबलेली वायर, एवढ्यातूनच जायचा असतो. तिथे 10 मिलिओहमचा सैलपणा असला, तर 20 अँपिअरला 4 वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत साचते. चिमटा तापून आणखी ढिला पडतो, रोध वाढतो, प्लास्टिक तपकिरी होते. माझ्या हातात आलेल्या जळक्या सॉकेटांत रिले बहुधा ठणठणीत असायचा, जळलेले असायचे ते 30 किंवा 87 चे टर्मिनल. कंपन्यांनाही हे माहीत आहे, म्हणून 70 अँपिअरच्या रिलेला 30 आणि 87 च्या पिना 9.5 मिलिमीटरच्या असतात.

त्यामुळे सॉकेट घेताना रिले खोचून ओढून बघावा, हाताला चांगला जोर लागला पाहिजे. 30 आणि 87 च्या वायरी 85-86 च्या वायरींपेक्षा जाड हव्यात. चारही वायरी सारख्याच बारीक असतील तर ते सॉकेट हॉर्नलाही लावू नये. सतत चालणाऱ्या भाराला मी 40 च्या रिलेवर 20 ते 25 अँपिअरच्या वर जात नाही, बॉनेटखालच्या उष्णतेत तर नाहीच.

मानक असूनही दोन खड्डे राहिलेत. पिनांच्या मांडणीचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत आणि त्यांत 30 व 86 च्या जागांची अदलाबदल असते. रिले सॉकेटमध्ये बिनतक्रार बसतो, काम चुकीचे होते. म्हणून जागेवरून ओळखू नये, आकडा वाचावा. कॉइलला समांतर डायोड असेल तर प्लस 86 लाच द्यावा, उलट दिला तर डायोडमधून थेट शॉर्ट होतो.

दुसरा खड्डा पाच पिनचा. काहींत मधली पिन 87ए असते, काहींत तिथेही 87 च. दोन्ही 87 वर एकेक फॉगलाइट जोडलेला असताना बदली म्हणून 87ए वाला रिले आणून खोचला, तर स्विच बंद असतानाही एक दिवा पेटून राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.