पोर्टर दाराचा आणि पोर्टर ओझ्याचा

पोर्टर म्हटलं की हमाल डोळ्यांपुढे येतो. मग केंब्रिजच्या कॉलेजांत फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्यालाही पोर्टर का म्हणतात? त्याच्या खांद्यावर तर कसलंच ओझं नसतं. कारण इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत; स्पेलिंग आणि उच्चार तेवढे एक झाले.

फाटकावरचा पोर्टर आला लॅटिन ‘पोर्ता’वरून, म्हणजे दार, वेस. पोर्टल आणि पोर्टिको हे त्याचे सख्खे. ओझ्याचा पोर्टर आला ‘पोर्तारे’ या क्रियापदावरून, म्हणजे वाहून नेणे. ट्रान्सपोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टेबल हे सगळे त्याच्या गोतातले. दोघेही फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरले. फ्रेंचने त्यांना आजही वेगळं ठेवलंय: दारावरचा ‘पोर्तिए’, ओझ्याचा ‘पोर्तर’. इंग्रजीत मात्र शब्दाचं शेपूट झिजलं आणि फरक पुसला गेला. फार मागे गेलं तर पोर्ता आणि पोर्तारे एकाच ‘पार जाणे’ अर्थाच्या मुळापाशी पोचतात, पण ती गोष्ट लॅटिनच्याही आधीची. इंग्रजीपुरते हे दोन शब्दच मानावेत.

वाहतुकीच्या इतिहासात खरा मान ओझ्याच्या पोर्टरचा. लंडन शहरात परवान्याचा बिल्ला लावून काम करणारे ‘तिकीट पोर्टर’ होते. लंडनच्याच पिकॅडिली रस्त्यावर १८६१ साली ओझी वाहणाऱ्यांसाठी खांद्याच्या उंचीवर एक जाड फळी बसवली गेली. पाठीवरचं ओझं खाली न उतरवता नुसतं मागे टेकवायचं आणि दम घ्यायचा. खाली ठेवलेलं ओझं एकट्याने परत उचलणं किती जड जातं, हे ती फळी बसवणाऱ्याने नीट ओळखलं होतं. पोर्टर नावाची काळपट बीअरही याच कष्टकऱ्यांच्या नावावरची. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या शयनयानांतले कृष्णवर्णीय पोर्टर सामान उचलत, बिछाने घालत. त्यांनी १९२५ मध्ये संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार मिळवला.

गोंधळ होतो तो हॉटेलात. रात्रपाळीचा पोर्टर दारही उघडतो आणि बॅगाही वर नेतो. तिथे दोन्ही शब्द एकाच माणसात नांदतात. इतरत्र काम बघावं. इस्पितळातला पोर्टर रुग्णाला स्ट्रेचरवरून नेतो, म्हणजे तो ‘पोर्तारे’चा.

पोर्टर आडनावाचं मात्र अवघड आहे. मूळ पुरुष वेशीवर उभा होता की गोणी वाहत होता, हे नावावरून कळत नाही. जुन्या कागदात त्याच्या कामाची नोंद असेल तरच उलगडा होतो.