बोर्ड एक नको, दोन ठेवा

चॉपिंग बोर्ड घेताना आम्हाला हमखास विचारलं जातं, लाकडी चांगला की प्लास्टिकचा? नीट धुऊन वाळवणार असाल तर दोन्ही चांगले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात दोन बोर्ड हवेत. एक कच्चं मांस, चिकन आणि मासे यांसाठी, दुसरा फळं, भाज्या आणि ब्रेडसाठी. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. चिकन पूर्ण शिजलं की ते मरतात, पण त्याच बोर्डवर चिरलेली काकडी कोणी शिजवत नाही! दोन रंगांचे बोर्ड घेतलेत तर घाईतही गोंधळ होणार नाही.

वापरून झाल्यावर बोर्ड नुसता फडक्याने पुसू नका. गरम पाणी आणि साबणाने दोन्ही बाजू घासा, सुरी आणि हातही धुवा. मांसाचा बोर्ड धुतल्यावर 4 लिटर पाण्यात 15 मिली बिनवासाचं क्लोरीन ब्लीच घालून त्याने निर्जंतुक करा आणि मग साध्या पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

यानंतरचं वाळवणं बरेच जण सोडून देतात, आणि आमच्या मते लाकडी बोर्ड खराब होतात ते इथेच. ओला बोर्ड ओट्यावर आडवा ठेवला की वरची बाजू सुकते, खालची ओलीच राहते. मग लाकूड वाकतं, बोर्ड डुगडुगतो आणि सुरी घसरते. ओलाव्यात जंतूही टिकून राहतात. म्हणून बोर्ड उभा ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागू द्या. लाकडी बोर्ड पाण्यात भिजत ठेवू नका, डिशवॉशरमध्येही नको. लाकूड कोरडं, फिकट दिसू लागलं की फूड ग्रेड मिनरल ऑइल चोळा. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांनी खवट होतं.

कापताना बोर्डखाली पिळलेलं ओलं फडकं पसरा, म्हणजे तो सरकणार नाही. काचेच्या बोर्डवर कापू नका. त्याने धार जाते, आणि बोथट सुरीला जोर लावताना हात कापतो.

नख अडकेल इतके खोल चर पडले की घासणी आत पोहोचत नाही. असा प्लास्टिकचा बोर्ड टाकून द्या. जाड लाकडी बोर्ड मात्र आमच्याकडे घेऊन या. रंधा मारून सपाट होण्यासारखा असेल तर करून देऊ. आरपार तडा गेला असेल तर तो वापरू नका, असंच आम्ही सांगू.