वंशावळ शोधताय? अर्जात आडनाव नंतर, आधी गाव लिहा

"विषय: आमच्या घराण्याची संपूर्ण वंशावळ व जुनी माहिती मिळणेबाबत."

असा अर्ज मी किती जणांच्या हातात बघितलाय ते मोजलं नाही, पण त्यावर काही मिळालंय असं एकदाही बघितलं नाही. मिळणारच नाही, कारण सरकारी दफ्तरात घराण्याचा कप्पाच नसतो हो. तिथं गाव असतं, सर्व्हे नंबर असतो, साल असतं, बास. तुम्ही खिडकीवर जाऊन आडनाव सांगता, आतला माणूस म्हणतो गाव कुठलं, तुम्ही म्हणता मूळचे आम्ही साताऱ्याकडचे, की संपला विषय. 2023 मध्ये शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हापासून तर रेकॉर्ड रूमच्या बाहेर गर्दीच गर्दी, काहींना कुणबी जातीचा दाखला हवाय, काहींना नुसतीच हौस आहे की पणजोबा कोण होते, पण दोघांचे अर्ज एकाच जागी अडकतात म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकतोय.

आधी आडनावाचं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या गावच्या कागदात बऱ्याचदा आडनाव नसतंच. "रामजी बिन सखोजी" एवढंच. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, वलद पण तेच, आणि बाईच्या नावापुढं कोम किंवा मर्द आलं की त्यापुढचं नाव नवऱ्याचं. पाटील, कुलकर्णी, चौगुला, देशमुख हे तर हुद्दे, ते नंतर कधीतरी आडनावं झाली, त्यामुळे एकाच माणसाचा एक मुलगा पाटील आणि दुसरा मूळ आडनावाचा असंही निघतं. म्हणून आडनाव जुळत नाही म्हणून हातातला कागद टाकून देऊ नका आणि नुसतं आडनाव जुळलं म्हणून आपला म्हणूही नका. बापाचं नाव आणि गाव, ही दोन्ही जुळली पाहिजेत.

कोण अर्ज करू शकतं? सातबारा आणि फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) कुणालाही मिळतात, नातं सिद्ध करावं लागत नाही. साधा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आधारची झेरॉक्स. नवे उतारे ऑनलाइन निघतात, जुने स्कॅन केलेले सरकारच्या "आपले अभिलेख" वेबसाइटवर काही ठिकाणचे आहेत, आपल्या तालुक्याचे आहेत का ते तिकडं जायच्या आधी घरीच बघून घ्या, एक फेरी वाचेल.

आता खरा गुंता. सुरुवात स्वतःपासून करायची आणि एक-एक पिढी मागं जायचं, मधली कडी सोडायची नाही. लोक काय करतात, एकदम पणजोबांपासून सुरू करतात आणि मग वडील आणि आजोबा यांच्यातलं नातं दाखवणारा कागदच नसतो. त्यासाठी सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे वडिलांच्या, मग आजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते, मुख्याध्यापक उतारा देतात. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठं गेलं ते गटशिक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारायचं, पुणे शहरातली जुनी नगरपालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात.

"आमची सगळी कागदं पानशेतात गेली" हे वाक्य पुण्याच्या पेठांमधल्या प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकू येतं. 12 जुलै 1961, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, खरंच गेली, कुणी नाकारत नाही. पण गेली ती तुमच्या घरातली प्रत. फेरफाराची वही तलाठ्याकडं होती, शाळेचं रजिस्टर शाळेत होतं, घराचं प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हे ऑफिसात. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन बघितल्याशिवाय पुराचं कारण अर्जात लिहू नका, कारण साहेब एकच विचारणार, शोध घेतल्याचा पुरावा काय.

आणि पुरावा असतो! नोंद सापडली नाही तर "नोंद आढळून येत नाही" असा लेखी दाखला मागून घ्या. लोक तोंडी "नाही" ऐकून घरी येतात आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या ऑफिसात तोच प्रश्न आला की परत पहिल्यापासून. तो नकाराचा कागद फाइलला लावा, निराश होऊन फाडू नका (एका काकांनी खरंच फाडला होता, मग तिसऱ्यांदा रांगेत).

जन्माची नोंद ही सगळ्यात जास्त माणसं रडवणारी गोष्ट. आजोबांचा जन्म कसब्यात झाला असं घरात सगळे सांगतात, महापालिकेत नोंद नाही. अहो, पहिलं बाळंतपण माहेरी! पणजीचं माहेर भोरकडं असेल तर नोंद भोरकडच्या गावात, कारण नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, जिथं घर आहे तिथं नाही. तेव्हा पणजीचं माहेर कुठलं ते आधी विचारा, घरातल्या कुठल्यातरी आत्याला ते पक्कं माहीत असतं. जन्म कॅम्पात किंवा खडकीत झाला असेल तर तीही गोष्ट वेगळी, कँटोन्मेंटची नोंदवही वेगळी, महापालिकेत कितीही डोकं आपटलंत तरी तिथं निघणार नाही.

खेड्यातली जुनी जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना 14, सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. त्यात आजोबांचं नाव शोधू नका. बाळाचं बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते, त्यामुळे बऱ्याच वेळा तिथं नुसतं मुलगा किंवा मुलगी एवढंच, आणि पुढं बापाचं नाव, जात, तारीख. म्हणजे शोधायचं पणजोबांचं नाव आणि अंदाजे साल, अलीकडची-पलीकडची पाच वर्षं धरून. मृत्यूच्या पानावर कारण लिहिलेलं असतं, 1897 नंतरच्या वर्षांत तिथं प्लेग, प्लेग, प्लेग असं खाली खाली वाचत जाताना जरा गप्पच व्हायला होतं. एकाच घरातली चार नावं एकाच महिन्यात.

तालुक्याचं नाव पण तेव्हाचं लिहा. बारामती-दौंडकडच्या जुन्या कागदांवर तालुका भीमथडी असतो. आणि मुळशी, पानशेत, पवना या धरणांत ज्यांचं गाव गेलं त्यांनी "गावच राहिलं नाही" म्हणून थांबू नका, गाव पाण्यात गेलं पण जमीन घेताना भूसंपादनाचा निवाडा झाला, त्यात कुणाची किती जमीन आणि हिस्सेदार कोण ते लिहिलेलं असतं.

फेरफार नीट वाचायला शिका, त्यात घरची गोष्ट असते. "मयत अमुक, वारस तमुक, वय इतके." एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं "ए.कु.मॅ." आणि अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याचं "अ.पा.क." ही अक्षरं नावापुढं येतात. एक मुलगा मला दोन तास पटवत होता की एकुमॅ हे त्यांचं मूळ आडनाव आहे आणि ते कर्नाटकातनं आलेले असणार, हसू नका, शिकवलंच नाही कुणी तर कळणार कसं. 1956 च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुतेक नसतातच, नंतरच्या काळात पुष्कळदा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात सापडतात. म्हणजे फेरफारात दोन भाऊ दिसले म्हणून भावंडं दोनच होती असं धरू नका.

हे सगळं जात पडताळणीसाठी करत असाल तर तारखेचा घोळ समजून घ्या. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त जाती भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींना 6 सप्टेंबर 1950. लोक हिला अर्जाची मुदत समजतात, एका बाईंनी मला घाबरून विचारलं होतं की मुदत 1967 लाच संपली का. मुदत नाही ती, त्या तारखेच्या आधीचा पुरावा हवा असा अर्थ. आणि तो तुमच्याच वडिलांचा हवा असंही नाही, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला चालतो, चुलते, आजोबा, चुलत आजोबा, आणि आत्या! आत्याचा लग्नाआधीचा शाळेचा दाखला हा कितीतरी घरांना तारून गेलाय आणि तो कुणालाच आठवत नाही, कारण तिचं नाव-आडनाव दोन्ही बदललेलं असतं. मामाकडचा पुरावा मात्र इथं चालत नाही, तो कितीही जुना असला तरी.

ऑफिसात दादच लागत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. इथं लोक तीन पानं लिहितात, घराण्याचा मोठेपणा, आधी झालेला अन्याय, सगळं. महाराष्ट्रात नियम असा की अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत. त्यातही "माहिती शोधून द्या" असं लिहिलंत की उत्तर ठरलेलं, शोधून, संकलित करून देता येत नाही. मग लिहा की "मौजे अमुक, तालुका तमुक, सन 1925 ते 1935 चे गाव नमुना 14 चे पाहणीसाठी उपलब्ध करून द्यावे व निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात." पाहणी मागायची, शोध आपण घ्यायचा. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर पाच दिवसांत योग्य जागी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, परत आणून देतात तेव्हा घेऊ नका. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत, आणि हे तीस दिवस उत्तराची मुदत संपल्यापासून मोजायचे, लोक वाट बघत बसतात आणि अपिलाची वेळ घालवतात.

इथपर्यंत येऊन ज्यांना अजून मागं जायचंय त्यांनी काउन्सिल हॉलजवळच्या पुणे पुराभिलेखागारात जायचं, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. कागद रुमालात बांधलेले, जवळजवळ सगळे जुन्या मोडी लिपीत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये त्यातले निवडक 45 खंडांत छापले ते आधी चाळून या, छापलेलंच सापडलं तर बरंच. पण आपल्यासारख्या साध्या घरांसाठी खरं सोनं म्हणजे इनामाचे, म्हणजे राजानं किंवा सरकारनं बक्षीस दिलेल्या जमिनीचे, कागद. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशननं प्रत्येक इनामदाराला विचारलं, जमीन तुला कुणी दिली, सनद दाखव, तुझ्या पिढ्या सांग. इनामदारांनी दिलेल्या त्या जबान्यांत, म्हणजे कैफियतींत, वंशावळी आहेत. पाव बिघा इनाम असलेल्या गुरवाची आहे, देवळापुढं वाजंत्री वाजवणाऱ्याची आहे. वतन, म्हणजे गावकामाचा पिढीजात हक्क असेल, मग ते पाटलाचं असो की महाराचं, तर वतनाचे कागदही बघा, वतन वारसानं चालायचं म्हणून वारस लिहिणं त्यांना भाग होतं.

सालाचा घोटाळा इथं होतो. इसवी सन काढायला फसली (जुन्या महसुली) सनात 590 किंवा 591 मिळवा, शकात 78 किंवा 79, आणि पेशवाईच्या कागदावर अरबी शब्दांत सुहूर सन असतो, त्यात 599 किंवा 600. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, झाले 1161, म्हणजे 1760-61, पानिपताचं साल. मृगाला वर्ष बदलायचं म्हणून एका सनाला इंग्रजी दोन सालं लागतात. 1161 हाच इसवी सन समजून "आमचे पूर्वज यादवकाळातले" असं छापून मोकळं झालेलं घर मी बघितलंय.

आमच्याकडं कायम सांगायचे की आमचा पूर्वज पानिपतावर पडला. मी दोन वर्षं खपलो आणि सापडला तो, त्याच नावाचा, त्याच गावचा, बापाचं नाव जुळणारा, पण पानिपतानंतर सात वर्षांनी जिवंत आणि शेजाऱ्याचा बांध रेटला म्हणून त्याच्याकडनं गुन्हेगारी वसूल केल्याची नोंद. गुन्हेगारी म्हणजे तेव्हा दंड. घरात सांगितलं तर थोरल्या काकांनी चार दिवस अबोला धरला. मला मात्र तो फार जवळचा वाटला, कारण तो बांध अजून भांडणात आहे.

मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात, सदाशिव पेठेत, वर्ग असतात, आणि पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, ती पास झालेल्या माणसाकडनं लिप्यंतर करून घ्या. जात पडताळणी कमिटीपुढं द्यायचं असेल तर मूळ मोडीची सही-शिक्क्याची नक्कल आणि लिप्यंतर दोन्ही एकत्र लावायचं, नुसतं लिप्यंतर लावलेल्या फाइली परत येतात.

त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, कोल्हापूर-सांगलीकडं पिढीजात वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांकडच्या पिढ्या, घराण्यानं छापलेला कुलवृत्तांत, हे सगळं जरूर बघा, उपाध्यांकडं तर गावाचं नाव सांगितलं की पणजोबांच्या हातची सही निघते. पण फाइल यांच्यावर उभी करू नका. यातनं नाव आणि गाव घ्यायचं आणि त्या नावाचा सरकारी कागद शोधायला निघायचं. जुन्या कुलवृत्तांतांत बहुतेक मुलगेच असतात, सुना नुसत्या सासरच्या नावानं, त्यामुळे पणजीचं माहेर तिथं मिळेलच असं नाही, आणि वर सांगितलं तसं, ते नाही मिळालं तर आजोबांचा जन्म सापडत नाही.

नक्कल हातात आली की खिडकीवरनं हलायच्या आधी तीन गोष्टी बघा, "खरी नक्कल" शिक्का, सही, तारीख. दोन प्रती घ्या, एक कमिटीला जाते ती परत येत नाही.