निकर्सन स्टेट पार्क : तळ्याकाठच्या मुक्कामाची आखणी

निकर्सन स्टेट पार्क हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड या द्वीपकल्पावरील ब्रूस्टर गावाच्या हद्दीतले राज्य उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १,९०० एकर (जवळपास ७७० हेक्टर). पाइन आणि ओकची दाट झाडी, तिच्यात दडलेली गोड्या पाण्याची तळी आणि तंबूसाठी चारशेहून अधिक जागा अशी याची ओळख आहे. केप कॉडला येणारे बहुतेक लोक समुद्रासाठी येतात. निकर्सनला मात्र तळ्यांसाठी, आणि त्यातही ट्राउट मासा गळाला लावण्यासाठी येणारे पुष्कळ आहेत. इथल्या मुक्कामाची आखणी करताना तारीख, सामान आणि जागा या सगळ्यांआधी पाण्याचा विचार करावा लागतो. तो केला की बाकीचे बरेचसे आपोआप ठरते.

ही तळी हिमयुगाच्या अखेरीस घडली. उत्तर अमेरिकेचा मोठा भाग व्यापणारी लॉरेंटाइड हिमचादर मागे हटू लागली तेव्हा तिच्यापासून तुटलेले बर्फाचे प्रचंड ठोकळे वाळू-गोट्यांच्या थरांखाली गाडले गेले. पुढे ते वितळले, वरची वाळू खचली आणि खोल खळगे उरले. खळग्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला तिथे पाणी साठले. अशा तळ्यांना केटल तळी म्हणतात. बॉस्टनजवळचे प्रसिद्ध वॉल्डन तळेही याच जातीचे. निकर्सनच्या तळ्यांना येऊन मिळणारी नदी नाही, ओढा नाही, आणि पाणी बाहेर नेणारी वाटही नाही. जे पाणी आहे ते पावसाचे आणि जमिनीतून झिरपून आलेले. म्हणून ते इतके नितळ असते. पण म्हणूनच त्यात पडलेला साबण, खत किंवा उष्टे-खरकटे वाहून जात नाही. उथळ काठाशी उभे राहिले की तळाचे गोटे दिसतात, आणि ही नितळता किती नाजूक आहे हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

सर्वांत मोठे क्लिफ पाँड. त्याचा विस्तार सुमारे दोनशे एकर, आणि सर्वांत खोल जागी खोली ८० फुटांहून अधिक. त्याला लागूनच लिटल क्लिफ पाँड आहे. फ्लॅक्स पाँड आणि हिगिन्स पाँड आकाराने लहान, पण चांगली खोल. याखेरीज छोटी तळी आणखीही आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा एकरांहून मोठ्या नैसर्गिक तळ्याला कायद्याने ‘ग्रेट पाँड’ मानतात आणि त्यावर सार्वजनिक हक्क असतो. या हक्काचे मूळ वसाहतकाळात, १६४१ ते १६४७ दरम्यानच्या कायद्यांत आहे. मोठ्या तळ्यांत मासे धरण्याची मुभा घरमालक रहिवाशांना त्यातच मिळाली. युरोपात शिकारीची राने आणि मासळीची तळी सरदार-जमीनदारांच्या ताब्यात असण्याच्या काळातला हा निर्णय, हे विसरू नये.

उद्यानाची जमीन मात्र दीर्घकाळ खासगीच होती. जवळच्या चॅटम गावात जन्मलेले सॅम्युअल निकर्सन शिकागोत बँक व्यवसायात धनाढ्य झाले. त्यांचे पुत्र रोलँड यांच्या कुटुंबाने ब्रूस्टरची ही राने शिकार आणि मासेमारीसाठी राखली होती. रोलँड यांचा मुलगा, त्याचेही नाव रोलँडच, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावला. त्याच्या स्मरणार्थ त्याची आई अ‍ॅडी निकर्सन यांनी १९३४ मध्ये ही जमीन राज्याला दिली. महामंदीच्या त्या वर्षांत बेकार तरुणांना काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतील मुलांनी इथे रस्ते केले, तंबूच्या जागा आखल्या, आणि पांढरा पाइन, हेमलॉक व स्प्रूस यांची हजारो रोपे लावली. आज ज्या सावलीत तंबू उभे राहतात तिच्यातला मोठा वाटा त्या हातांचा आहे.

आता ट्राउटविषयी. हा थंड पाण्याचा मासा. पाणी साधारण २० अंश सेल्सियसच्या वर गेले की तो अस्वस्थ होतो. उन्हाळ्यात खोल तळ्याचे पाणी थरांत विभागते : वर कोमट, खाली गार, मध्ये तापमान झपाट्याने उतरवणारा पातळ पट्टा. जुलै-ऑगस्टमध्ये ट्राउट खालच्या गार थरात उतरतो आणि काठावरून टाकलेला गळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. होडी नसेल तर तासन्‌तास उभे राहून हाती काही लागत नाही. वसंतात आणि शरदात वरखाली पाणी मिसळते, सगळे तळे गार होते आणि मासा काठाजवळ येतो. राज्याचे मत्स्य-वन्यजीव खातेही याच दोन हंगामांत तळ्यांत मासे सोडते. रेनबो, ब्राउन, ब्रूक आणि ब्राउन-ब्रूकच्या संकरातून झालेला टायगर असे चार प्रकार. यांतला इथला मूळचा फक्त ब्रूक. रेनबो अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, ब्राउन युरोपातला आणि टायगर तर वांझ. थोडक्यात, गळाला लागणारा ट्राउट बहुधा सरकारी केंद्रात वाढलेला असतो. असे एक केंद्र केप कॉडच्याच सँडविच गावात आहे. कोणत्या तळ्यात मासे सोडले याची यादी खाते हंगामभर जाहीर करते. निघण्याआधी ती पाहिलीच पाहिजे.

म्हणून गळ हेच मुख्य कारण असेल तर मे महिना किंवा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंतचा काळ निवडावा. मुलांना पोहायचे असेल तर जुलै-ऑगस्ट चांगले, पण मग ट्राउटची आशा सोडून स्मॉलमाउथ बास आणि यलो पर्च यांवर समाधान मानावे. लहान मुलाच्या हाती पहिल्यांदा गळाची दांडी द्यायची असेल तर हेच मासे बरे, कारण ते गळाला चटकन तोंड लावतात. दोन्ही हौशी एकाच फेरीत पुरवायचा हट्ट धरला की बहुधा दोन्ही अर्धवट राहतात.

तंबूच्या जागा राज्याच्या आरक्षण व्यवस्थेतून आगाऊ घ्याव्या लागतात. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार आरक्षण खुले होताच भरतात. राज्याबाहेरच्यांना दर चढा असतो. जागांवर विजेची जोडणी नाही. स्वच्छतागृहे आणि अंघोळीची सोय सामायिक आहे. जागा निवडताना नकाशात तळ्याचे अंतर बघावे, पण तेवढेच बघू नये. तळ्याच्या अगदी वरच्या जागेवर पहाटे दांडी घेऊन खाली उतरण्याची सोय असते, तर आतल्या जागांवर शांतता आणि सावली जास्त. तंबूऐवजी यर्ट, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली गोल खोलीही भाड्याने मिळते. पावसाळी वसंतात वृद्ध सोबत असतील तर तीच घ्यावी.

बॉस्टनहून अंतर सुमारे १४५ किलोमीटर. केपवर मोटारीने जायचे तर केप कॉड कालव्यावरचे सॅगमोर किंवा बोर्न या पुलांपैकी एक ओलांडावाच लागतो. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तिथे वाहनांच्या लांब रांगा लागतात. सकाळी लवकर किंवा आठवड्याच्या मधल्या वारी निघालेले बरे.

परवान्याची बाब हलक्यात घेऊ नये. गोड्या पाण्यात गळ टाकायला १५ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो. तो कॅलेंडर वर्षापुरता चालतो. परराज्यातून किंवा भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी तीन दिवसांचा परवानाही मिळतो. जून महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी मात्र परवान्याविना मासे धरता येतात. हौस आहे की नाही हे अजमावायला ते दोन दिवस उत्तम. तळ्यांत दिवसाला माणशी तीन ट्राउटची मर्यादा आहे. समोरच्या केप कॉड उपसागरात, म्हणजे खाऱ्या पाण्यात, गळ टाकायचा असेल तर त्याचा परवाना वेगळा.

सामानात हलकी दांडी, बारीक तंगूस (गळाचा दोर), छोटे गळ, गांडुळे किंवा पिठासारखे तरंगणारे आमिष आणि लकाकणारे धातूचे स्पून (चमच्याच्या आकाराचे कृत्रिम आमिष) एवढे पुरते. नितळ पाण्यात जाड तंगूस माशाला दिसतो, म्हणून बारीकच घ्यावा. वजन शिशाचे नको. मॅसॅच्युसेट्सच्या अंतर्गत पाण्यांत एक औंसाहून, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमहून हलकी शिशाची वजने आणि जिग (शिशाचे वजन जडवलेले गळ) वापरायला २०१२ पासून बंदी आहे. तळाशी पडलेले शिसे गिळून लून हा पाणपक्षी विषबाधेने मरतो, हे त्यामागचे कारण. भारतातून नेलेल्या जुन्या सामानाच्या पेटीत शिशाचे मणी हमखास असतात. ते घरीच काढून ठेवावेत. टंगस्टन किंवा पोलादाची वजने तिथल्या दुकानांत मिळतात.

कयाक किंवा कनू नेणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात तरणजाकीट नुसते होडीत असून चालत नाही, ते अंगावर घालावे लागते. मासेमारीचे दोन्ही चांगले हंगाम नेमके याच थंड पाण्याच्या दिवसांत येतात. मे महिन्याच्या सुरुवातीस ऊन सुखद असले तरी पाणी इतके गार असते की उलटलेल्या होडीतल्या चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडू शकतात. क्लिफ पाँड विस्तीर्ण असल्याने दुपारच्या वाऱ्यात तिथे लाटा उठतात. होडी सकाळी काढावी.

इथल्या झुडपांत आणि उंच गवतात हरणांवर वाढणाऱ्या गोचिड्या आहेत. लाइम रोग त्यांच्यामुळे पसरतो आणि केप कॉड हा त्याचा परिचित टापू आहे. लांब विजार मोज्यांत खोवावी आणि रात्री झोपण्यापूर्वी मुलांचे गुडघ्यांमागचे भाग, काखा आणि केसांची मुळे नीट तपासावीत. पॉयझन आयव्ही ही तीन-तीन पानांची वनस्पतीही वाटेच्या कडेला सर्रास आढळते. तिच्या स्पर्शाने अंगावर फोड येतात.

शेकोटीसाठी लाकूड घरून नेऊ नये, जवळपास विकत घ्यावे. २००८ मध्ये याच राज्यातील वूस्टर शहरात आशियाई लाँगहॉर्न भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव सापडला आणि त्यापायी हजारो झाडे तोडावी लागली. अशा किडी लाकडाच्या ओंडक्यांतून मैलोन्‌मैल प्रवास करतात. शेकोटी ठरवून दिलेल्या लोखंडी कड्यातच पेटवावी, कारण पिच पाइनचे रान लवकर पेट घेते. रात्री खाण्याचे डबे गाडीत बंद ठेवावेत; कोल्ह्याहून थोराड कायोटी आणि रॅकून वासाने येतात. राज्य उद्यानांत मद्याला मनाई आहे.

बॉस्टन परिसरातल्या मराठी कुटुंबांना निकर्सन सोयीचे वाटते याचे एक कारण म्हणजे दोन-तीन घरांना शेजारच्या जागा घेऊन एकत्र स्वयंपाक करता येतो. ट्राउटला हळद, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळले तर त्याची नाजूक चव टिकते. नारळाच्या दाट कालवणात ती हरवते. राज्यातल्या गोड्या पाण्यातल्या माशांत पारा आढळत असल्याने गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी ते खाऊ नयेत असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. केंद्रात वाढवून सोडलेला ट्राउट त्याला अपवाद मानला जातो. मुलांच्या पानात काय वाढायचे हे त्यावरून ठरवावे. भांडी मात्र तळ्यात धुऊ नयेत, साबण ‘निसर्गस्नेही’ असला तरी नको. फॉस्फरस वाढला की उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या जिवाणूंचे थर येतात, पोहणे बंद करावे लागते, आणि ते पाणी प्यालेले कुत्रे दगावूही शकते. काठाचा चढ वाळूचा आहे. आखलेली वाट सोडून उतरल्यास माती तळ्यात ढासळते आणि काठावरची दुर्मीळ रानफुलेही तुडवली जातात.

परतताना होडी, वल्ही आणि बूट यांना चिकटलेले पाणवनस्पतींचे तुकडे काढून टाकावेत आणि सगळे पूर्ण वाळू द्यावे. उरलेले जिवंत आमिष तळ्यात सोडू नये. हीच होडी त्याच दिवशी फ्लॅक्समधून क्लिफमध्ये न्यायची असेल तरीही ती आधी पुसून कोरडी करावी.