उघडा कातळ आणि क्लाइड वारहाफ्टिग

ऊन-पाऊस झेलणारा उघडा कातळ लवकर झिजतो आणि मातीखालचा दगड शाबूत राहतो, असं बहुतेकांना वाटतं. ग्रॅनाइटचं नेमकं उलटं आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक क्लाइड वारहाफ्टिग यांनी १९६५ साली त्यावरून अख्ख्या डोंगरउताराचा उलगडा मांडला.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताचा दक्षिण भागातला पश्चिम उतार पायऱ्यापायऱ्यांचा आहे. सह्याद्रीच्या पायऱ्या लाव्हाच्या थरांमुळे दिसतात. ग्रॅनाइटला तसे थर नसतात. वारहाफ्टिग यांचं उत्तर मला विलक्षण देखणं वाटतं. मातीखाली ओल टिकते. ओलीने काळा अभ्रक फुगतो, शेजारचे क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे कण सुटे होतात आणि खडकाचा मुरूम होतो. उघड्या कातळावरून पाणी निथळून जातं, तो चटकन सुकतो, म्हणून टिकतो. ओढा मुरूम सहज वाहून नेतो, पण त्या बारीक रेतीने कातळ कापला जात नाही. कातळाचा उंबरा जितका उंच, त्याहून खोल ओढ्याला वरच्या अंगाला खणता येत नाही. तिथे सपाटी तयार होते. खालच्या अंगाचा मुरूम मात्र जातच राहतो, आणि कातळाची भिंत उंचावते. दगडातलं बेरिलियम-१० मोजून झिजेचा वेग काढता येतो; सिएरातल्या अशा मोजणीतही उघड्या कातळाची झीज मंद आढळली. सगळ्या पायऱ्या अशाच घडल्या का, यावर अजून वाद आहे.

वारहाफ्टिग त्याच पर्वताच्या पायथ्याजवळच्या फ्रेस्नो गावचे, जन्म १९१९चा. १९४१पासून अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात. अलास्कात बरंच काम, १९६०पासून बर्कलेला प्राध्यापक. मोटार चालवत नसत. सॅन फ्रान्सिस्कोतले खडक ट्राम आणि बसने फिरून पाहता यावेत म्हणून त्यांनी मार्गदर्शिका लिहिली.

ते समलिंगी होते. १९५३मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा आदेश निघाला आणि समलिंगी असल्याच्या संशयावरूनही सरकारी नोकऱ्या जाऊ लागल्या. वारहाफ्टिग तेव्हा सरकारी नोकरीतच होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३मध्ये. आपल्याकडे तिच्यावर ‘उपचार’ विकणारे बाबा आणि डॉक्टर अजूनही आहेत. ही निव्वळ फसवणूक आहे.

१९८९मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांच्या कारकिर्दीचा गौरव केला. सत्तरीला टेकलेल्या वारहाफ्टिग यांनी स्वीकाराच्या भाषणात आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. विज्ञानात येऊ पाहणाऱ्या समलिंगी तरुणांना धीर यावा, हा त्यांचा हेतू होता.